गाडीला किरकोळ धक्का बसला: विमा कंपनीला कळवायचं की नाही, हे कसं ठरवावं

नळ स्टॉपच्या सिग्नलला मागच्याने बंपरवर आणून ठेवली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रिव्हर्स घेताना दार खांबाला घासलं. लक्ष्मी रोडच्या गर्दीत एका दुचाकीचं हँडल फेंडरवर लांबलचक रेघ ओढून गेलं. पुण्यात गाडी चालवायची म्हणजे यातलं काही ना काही कधीतरी होणारच. झालं की दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, ‘मग विमा भरतोस कशाला?’ दुसरा म्हणतो, ‘क्लेम टाकू नकोस, एनसीबी जाईल.’ (एनसीबी म्हणजे नो क्लेम बोनस, क्लेम न टाकल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट.) दोघांचंही अर्धंच खरं आहे. कारण प्रश्न मुळात दोन आहेत: कंपनीला अपघात कळवायचा का, आणि कंपनीकडून पैसे घ्यायचे का. पहिल्याचं उत्तर कायदा आणि पॉलिसीच्या अटी देतात, तिथे आपल्या मर्जीला फारसा वाव नाही. दुसऱ्याचं उत्तर कागद-पेन घेऊन काढावं लागतं.

दुसरं कोणी गुंतलंय का?

धक्क्यात कोणालाही लागलं असेल, मग ते खरचटणं का असेना, तर हिशेब करत बसू नका. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ प्रमाणे चालकावर तीन जबाबदाऱ्या येतात: जखमीला उपचार मिळतील असं पाहणं, पोलिसांना माहिती देणं (जागेवर पोलीस नसतील तर जवळच्या चौकीत लवकरात लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत), आणि विमा कंपनीला लेखी कळवणं. तिसरी बहुतेकांना माहीतच नसते. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२.

इथेच घोडं पेंड खातं. दुचाकीवाला पडतो, उठून कपडे झटकतो, ‘काही नाही लागलं हो’ म्हणतो, दोन-चारशे रुपये घेतो आणि जातो. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजतो, एक्स-रे निघतो, घरचे तक्रार द्यायला चौकीत जातात. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागायला कायद्याने सहा महिन्यांची मुदत दिली आहे, म्हणजे प्रकरण मिटलं असं वाटल्यावरही बराच काळ ते उघडू शकतं. तोवर तुम्ही कंपनीला काहीच सांगितलेलं नसेल, तर थर्ड पार्टी विम्याचं, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचं, कवच असूनही वाद तुम्हीच ओढवून घेतलेला असतो.

शिवाय पॉलिसीत एक अट असते, तिचा अर्थ असा: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय तुम्ही चूक कबूल करायची नाही, भरपाईचं वचन द्यायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत. रस्त्यावरच्या मांडवलीत आपण नेमकं हेच सगळं करतो. जखमीला दवाखान्यात नेणं, तिथली सोय पाहणं हे माणुसकीचं आणि कायद्याचंही काम आहे, ते करायचंच. पण ‘चूक माझी होती, सगळा खर्च मी देईन’ असं कागदावर किंवा व्हॉट्सॲपवर लिहून देऊ नका.

माणसाला लागलं नाही पण दुसऱ्याची वस्तू मोडली, म्हणजे कोणाची गाडी, दुकानाचं शटर, सोसायटीचं गेट, तरीही कळवून ठेवा. खासगी कारच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला साधारणपणे ७.५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण असतं. मात्र प्रीमियम कमी करण्यासाठी कोणी ही मर्यादा ६,००० वर आणून ठेवलेली असू शकते. पॉलिसीच्या पानावर एकदा नजर टाका. एनसीबी हा फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, म्हणजे ओन डॅमेजच्या भागावर मिळतो. त्यामुळे थर्ड पार्टीची घटना कळवली की एनसीबी गेलाच, ही भीती अनाठायी आहे.

फक्त तुमचीच गाडी, तुमचाच खांब, दुसरं कोणी नाही, अशा वेळी मात्र निवड तुमची. यापुढचं सगळं त्याबद्दल.

चूक समोरच्याची असेल तर?

लोकांची समजूत असते की मागच्याने ठोकलं, मग माझा एनसीबी का जावा? जातो. तुम्ही स्वतःच्या पॉलिसीतून दुरुस्तीचे पैसे घेतले की चूक कोणाची होती हे एनसीबीसाठी पाहिलं जात नाही. समोरच्याच्या विम्यातून वसूल करायचं तर पोलिसांची नोंद लागते आणि प्रकरण न्यायाधिकरणात, म्हणजे शिवाजीनगर कोर्टात न्यावं लागतं. एका बंपरसाठी हा व्याप कोणी करत नाही, आणि करूही नये. समोरचा तिथल्या तिथे दुरुस्तीचे पैसे द्यायला तयार असेल तर घ्यायला हरकत नाही. पण आधी गॅरेजचा अंदाज घ्या, कारण रस्त्यावर उभ्या उभ्या ठरलेला आकडा जवळजवळ नेहमीच कमी पडतो. त्याच्याकडून पैसे घेऊन त्याच नुकसानीचा क्लेम टाकणं हा मात्र सरळ गैरव्यवहार आहे.

जागेवरच उरकायच्या गोष्टी

क्लेम टाकायचा की नाही हे नंतर ठरलं तरी चालेल, फोटो नंतर मिळत नाहीत. गाड्या हलवण्याआधी, धोका नसेल तर, दोन्ही नंबरप्लेट एका चौकटीत येतील असा एक फोटो घ्या. एक दुरून, रस्ता आणि आजूबाजूची खूण दिसेल असा. मग नुकसानीचे जवळून, आणि एखादा तिरका, कारण पोचा समोरून फोटोत दिसतच नाही. नवले पुलासारख्या उतारावर किंवा बायपासवर असाल तर फोटोच्या नादात रस्त्यात उभे राहू नका. हॅझर्ड लावून गाडी कडेला घ्या आणि मग काय ते करा.

समोरच्याचं लायसन्स, आरसी आणि पॉलिसी यांचे फोटो मागा. कागद जवळ नसतील तर एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विमा कधीपर्यंत आहे ते कळतं. वेळ आणि ठिकाण मोबाइलमध्ये लिहून ठेवा. गाडी कोण चालवत होतं हेही. आणि हे शेवटचं खरंच लिहा. भाच्याकडे लायसन्स नव्हतं म्हणून क्लेम फॉर्मवर काकांचं नाव टाकायचं, हा प्रकार सर्वेअर, म्हणजे कंपनीतर्फे नुकसान तपासणारे, रोज पाहतात. सीसीटीव्हीने किंवा मोबाइलच्या लोकेशनने ते उघडं पडलं की दहा हजारांच्या बंपरपायी आगीतून फुफाट्यात जाणं होतं.

बंपरच्या आत काय झालंय

आजच्या गाड्यांचा बंपर प्लास्टिकचा असतो. तो दबतो आणि परत फुगून जागेवर येतो. बाहेरून दोन ओरखडे दिसतात आणि आपण म्हणतो, ‘पॉलिश मारून घेऊ.’ नुकसान असतं ते त्याच्या मागे. पुढून धक्का असेल तर आधी एसीचा कंडेन्सर, त्याच्या मागे रेडिएटर, शेजारी हेडलॅम्पचे पकडून ठेवणारे कान, हॉर्न, फॉगलॅम्पचं ब्रॅकेट. मागून असेल तर पार्किंग सेन्सर, त्याची वायर, आतली पत्र्याची बीम आणि डिकीच्या खालची पट्टी.

घरच्या घरी एवढं तपासा. बॉनेट आणि फेंडरमधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का, बोट फिरवून पाहा. डिकी एका हाताने, जोर न लावता बंद होते का? रात्री गाडी भिंतीसमोर उभी करून दोन्ही दिव्यांचे झोत एका उंचीवर पडतात का? एसी पूर्वीसारखा गार करतो का? सकाळी गाडीखाली हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी ओघळ आहे का, म्हणजे कूलंट गळतंय का? सरळ रस्त्यावर स्टिअरिंग एका बाजूला ओढतं का?

यातलं काहीही खटकलं तर गॅरेजमध्ये बंपर उतरवून पाहायला सांगा. काही क्लिपा आणि स्क्रू काढले की तो सुटतो. मग दिसतं: कंडेन्सरच्या बारीक जाळीचा एक कोपरा चेपलेला, त्यावर तेलकट ओला डाग, म्हणजे गॅस तिथूनच गेला. किंवा हेडलॅम्प वरून धडधाकट पण त्याचे दोन कान तुटलेले, त्यामुळे तो खड्ड्यात थरथरतो. हे पाहिल्याशिवाय आलेला कुठलाही अंदाज म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. मात्र क्लेम टाकण्याची शक्यता असेल तर दुरुस्ती सुरू करू नका, सर्वे व्हायचा असतो.

कूलंट गळत असेल तर ‘घरापर्यंत जाईल’ म्हणून गाडी रेटू नका. अपघातानंतर दुरुस्तीआधी गाडी चालवून नुकसान वाढलं तर ते वाढीव नुकसान तुमच्या माथी, असं पॉलिसीतच लिहिलेलं असतं. रेडिएटरचा क्लेम मंजूर आणि तापून गेलेल्या इंजिनाचा नामंजूर, असं होतं ते यामुळे. इलेक्ट्रिक गाडीचा तळ स्पीडब्रेकरला किंवा दगडाला जोरात आपटला असेल तर बाहेरून काही दिसो न दिसो, कळवा आणि तपासणी होईपर्यंत चार्जिंगला लावू नका. बॅटरीच्या खोक्याचा खर्च पदरमोडीतला नसतो.

आता हिशेब

तीन आकडे लागतात: दुरुस्तीचा खर्च, कंपनी प्रत्यक्षात देईल ती रक्कम, आणि एनसीबी गेल्याने पुढची काही वर्षं जास्त भरावा लागणारा प्रीमियम. बहुतेक जण पहिला आणि तिसरा पाहतात, तोही एकाच वर्षाचा. चूक तिथे होते.

कंपनी काय देईल? पहिली वजावट सक्तीची, तिला गॅरेजवाले ‘फाइल चार्ज’ म्हणतात: १,५०० सीसीपर्यंतच्या कारला १,००० रुपये, त्यावर २,०००. प्रीमियम कमी करायला तुम्ही ऐच्छिक वजावट घेतली असेल, २,५०० किंवा ५,००० वगैरे, तर ती यात मिळवा. प्रत्येक अपघाताला ही वजावट वेगळी लागते.

झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा कवच (ॲड-ऑन), नसेल तर दुसरी कात्री घसाऱ्याची, म्हणजे भाग जुना झाला म्हणून होणाऱ्या कपातीची. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांना सरळ ५० टक्के, फायबरग्लासला ३० टक्के, काचेला काहीच नाही. पत्र्याच्या आणि इतर भागांना गाडीच्या वयाप्रमाणे: पहिल्या सहा महिन्यांत शून्य, वर्षापर्यंत ५ टक्के, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे ५० टक्के. रंगाच्या बिलातला पाव भाग सामानाचा धरतात आणि त्यातला निम्मा कापतात. मजुरी पूर्ण मिळते. क्लिपा, स्क्रू, ऑइल, कूलंट हे सामान कन्झ्युमेबल्सचं ॲड-ऑन नसेल तर तुमच्याच खिशातून.

आकडे समजायला सोपे घेऊ. १,२०० सीसीची हॅचबॅक, मागचा बंपर बदलायचा. बंपर ४,३००, रंग ३,५००, मजुरी १,२००, एकूण ९,०००. झिरो डेप नसेल तर बंपरचे २,१५०, रंगाचे सुमारे ३,०६०, मजुरीचे १,२००, बेरीज ६,४१०, त्यातून १,००० वजा. हातात सुमारे ५,४००. झिरो डेप असेल तर ८,०००.

आता एनसीबी. क्लेमशिवाय एक वर्ष गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५०. एक क्लेम झाला की पुढच्या नूतनीकरणाला थेट शून्य, आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून चढायचं. म्हणजे तोटा एका वर्षाचा नाही, शिडी पुन्हा चढून होईपर्यंतचा. क्लेम टाकला तर आणि न टाकला तर, अशा दोन शिड्या शेजारी मांडून दरवर्षीच्या फरकाची बेरीज केली की, एनसीबीशिवायच्या वार्षिक ओन डॅमेज प्रीमियमच्या प्रमाणात एकूण तोटा असा येतो:

सध्याच्या पॉलिसीवर एनसीबी ० असेल तर ५० टक्के
२० असेल तर ८० टक्के
२५ असेल तर १०५ टक्के
३५ असेल तर १२० टक्के
४५ किंवा ५० असेल तर १२५ टक्के

पॉलिसीच्या पानावर एनसीबी वजा होण्याच्या ओळीच्या लगेच वरचा ओन डॅमेजचा आकडा घ्या. थर्ड पार्टीचा प्रीमियम यात धरायचा नाही, तो सरकार ठरवतं आणि त्यावर एनसीबी नसतो. आलेल्या तोट्यात १८ टक्के जीएसटी मिळवा.

वरच्या हॅचबॅकचा हा आकडा १०,००० आणि एनसीबी ३५ टक्के धरला, तर तोटा १२,०००, जीएसटीसह १४,१६०. मिळणार किती? झिरो डेप असूनही ८,०००. टाकू नका. तीच गाडी नवी कोरी, पहिलंच वर्ष, एनसीबी शून्य, झिरो डेप आहे: तोटा ५,०००, जीएसटीसह ५,९००, मिळणार ८,०००. टाकायला हरकत नाही, फायदा मात्र दोन हजारांचाच. आणि पुढून ठोकून हेडलॅम्प, बॉनेट, कंडेन्सर मिळून ४८,००० चं बिल असेल तर विचारही करू नका, टाका.

हा तोटा म्हणजे वरची मर्यादा समजा. गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, दरवर्षी उतरते, तिच्याबरोबर ओन डॅमेजचा प्रीमियमही, त्यामुळे खरा तोटा थोडा कमी भरतो. उलट तुम्ही लवकरच मोठी गाडी घेणार असाल तर तो वाढतो, कारण एनसीबी गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी विकताना कंपनीकडून पत्र घेतलं की तो तीन वर्षांच्या आत नव्या गाडीवर वापरता येतो, आणि मोठ्या गाडीच्या प्रीमियमवरचे ५० टक्के म्हणजे चांगली रक्कम. शिवाय काही कंपन्या क्लेम झालेल्या गाडीला पुढच्या वर्षी मूळ दरातली सूटही कमी देतात, तेव्हा मिळकत आणि तोटा जवळजवळ सारखे असतील तर आमचा कौल पदरमोडीला.

एनसीबी प्रोटेक्टचं, म्हणजे क्लेम झाला तरी बोनस टिकवणारं, ॲड-ऑन असेल तर गणितच बदलतं, पण ते वर्षात किती क्लेमपर्यंत लागू आहे आणि कंपनी बदलली तरी टिकतं का, हे आधी वाचा. झिरो डेपमध्येही वर्षाला दोनच क्लेम अशी अट बऱ्याचदा असते. दोन हजारांच्या फायद्यासाठी त्यातला एक मे महिन्यात उडवायचा आणि पावसाळ्यात मोठा दणका बसला की हात चोळत बसायचं, यात शहाणपण नाही.

एक उलट बाजूही आहे. या वर्षी एक क्लेम झालेला असेल तर एनसीबी गेलेलाच आहे. त्यानंतरच्या दुसऱ्या धक्क्याचा निर्णय फक्त वजावट आणि घसारा पाहून घ्या.

टाकायचं ठरलं तर

पॉलिसीतला शब्द ‘ताबडतोब’ असा आहे. गॅरेजचा अंदाज घ्यायला एक-दोन दिवस ठीक, पंधरा दिवस नाही. निव्वळ उशीर झाला म्हणून खरा क्लेम नाकारू नका असं विमा नियामक आयआरडीएआयने २०११ सालीच कंपन्यांना कळवलं आहे, पण उशिराचं पटेल असं कारण तुम्हाला द्यावं लागतं. टोल-फ्री नंबरवर किंवा ॲपवर पॉलिसी नंबर, तारीख-वेळ-ठिकाण, चालकाचं नाव आणि गाडी कुठे आहे ते सांगा, क्लेम नंबर लिहून घ्या. लहान नुकसानीत सर्वे बऱ्याचदा मोबाइलच्या फोटोंवर किंवा व्हिडिओवर होतो. गाडी धुऊन मगच तो करा. चिखलाखालचा पोचा सुटला की नंतर तो मान्य करून घ्यायला फेऱ्या पडतात.

वर्कशॉपचा ॲडव्हायजर बहुधा म्हणेल, ‘साहेब, क्लेमच टाका, हजारात काम होईल, तो डाव्या दाराचा जुना पोचाही यातच घालू.’ हजारात होतं ते त्याच्या कागदावर. एनसीबीचा तोटा वर्षभराने तुमच्या कागदावर येतो. आणि जुना पोचा नव्या क्लेममध्ये घालायचा नाही. आत साठलेली धूळ आणि पत्र्यावरचा गंज सर्वेअरला सगळं सांगतात, आणि एका पोच्यापायी अख्खा क्लेम संशयात येतो. तारखेचंही तसंच: पॉलिसी संपायच्या आठवड्यात झालेला धक्का नव्या पॉलिसीत ढकलू नका.

पदरमोडच करायची असेल तर कंपनीच्या वर्कशॉपचा एकच अंदाज घेऊन थांबू नका. बाहेरचा चांगला डेंटर बंपर न बदलता प्लास्टिक वेल्डिंग करून रंगवून देतो, आणि तुटलेली क्लिप किंवा ब्रॅकेट नाना पेठेत सुटं शोधता येतं. हेडलॅम्प, सेन्सर आणि एअरबॅगशी संबंधित काही असेल तर मात्र काटकसर नको.

कळवून झालं आणि बिल अपेक्षेपेक्षा कमी निघालं, तर क्लेम मागे घेता येतो. फोनवर नुसतं सांगून सोडू नका. ईमेल करा आणि ‘कोणतीही रक्कम न देता क्लेम बंद’ असं लेखी उत्तर मिळवा. नूतनीकरणाची नोटीस आली की त्यात एनसीबी पूर्ण दिसतोय का ते पाहा. नसेल तर तेच उत्तर जोडून दुरुस्त करून घ्या, आणि हे पॉलिसी संपायच्या आधी करा, कारण मुदत संपून ९० दिवस उलटले की एनसीबी तसाही जातो. उलट, क्लेम घेतलेला असताना दुसऱ्या कंपनीकडे ‘क्लेम नाही’ असं सांगून बोनस घेऊ नका. नवी कंपनी जुनीकडून खात्री करते, आणि ते खोटं पुढच्या क्लेमच्या वेळी आडवं येतं.

क्लेम नाकारला किंवा भलतीच कपात केली तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाला लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत. पुण्याचं लोकपाल कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर आहे. फी नाही, वकील लागत नाही. लागतात ते सर्वे रिपोर्टची प्रत, बिलं, पत्रव्यवहार आणि पहिल्या दिवशी काढलेले फोटो.